‘गावाला कशाला डिजिटल?’ म्हणणाऱ्या मामांना

मामा, परवा धामारीच्या बाजूला लग्नाच्या मांडवामागं आपण चहा घेत उभे होतो. माझ्या टेम्पोतून पोरानं काखेत धरून आणलेला डिजिटल साउंड मिक्सर पाहून तुम्ही चार जणांदेखत म्हणालात, ‘हे शहरातल्या पोरांचं काम. आपल्याकडं जत्रा, हळद, सप्ताह. धूळ, जनरेटर, गर्दी. इथं चोवीस चॅनेलचा ॲनालॉगच पाहिजे. डिजिटल म्हणजे नुसता देखावा.’ मी तेव्हा बोललो नाही. पहिली केबल सोल्डर कशी करायची हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांना मांडवात उलट बोलणं मला जमणारं नव्हतं. पण ऐकणाऱ्यांत केंदूरचा एक पोरगा होता. वर्षभर पैसे साठवून तो सोळा माइकचा छोटा डिजिटल घ्यायला निघाला होता. तुमचा शब्द ऐकून त्यानं बेत बदलला. आता कुणाचा तरी जुना, जड, खरखरणारा चोवीस चॅनेलवाला बघतोय. तुमच्या शब्दाला एवढं वजन आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद मी लेखी करतोय.

तुमचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. धूळ खरी आहे. रात्री दोन वेळा लाइट जाणं खरं आहे. गर्दीत टॅब्लेट दगा देतो हेही खरं आहे, आणि ते मी स्वतः भोगलंय, पुढं सांगतो. डिजिटल बिघडला तर आपल्या पाबळला तो उघडणारा माणूस मिळत नाही, हेही खरं. माझं म्हणणं वेगळ्या जागी आहे. या सगळ्या अडचणींमधून तुम्ही ‘डिजिटल नको’ असा अर्थ काढता. मला त्यातून ‘कोणता डिजिटल घ्यायचा’ याचं उत्तर मिळतं.

आणि हा वाद मी एवढा मनावर का घेतो तेही सांगतो. आपल्या पट्ट्यात जिवंत वाजवणाऱ्या माणसाचं पोट आपल्या मिक्सरवर अवलंबून आहे. मंचरच्या पुढं नारायणगावला पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला तिथं जातात. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, लावणीचे कार्यक्रम, शाहिरी पार्ट्या, सगळ्यांचा हंगाम चैत्र-वैशाखात भरतो. या प्रत्येक ठिकाणी स्टेजवर दहा-पंधरा माइक उघडे असतात. डीजेला एक लॅपटॉप आणि दोन वायरी लागतात. त्याचा एकही माइक उघडा नसतो, त्यामुळे तो कधी शिट्टी मारत नाही. ज्या रात्री आपला माइक तीनदा किंचाळतो आणि ढोलकी पाण्यातून आल्यासारखी ऐकू येते, त्या रात्री कमिटीतला कुणीतरी म्हणतो, ‘पुढच्या वर्षी डीजेच आणा, झंझट नको.’ त्यात ढोलकीवाल्याची काही चूक नसते. पण पुढच्या वर्षीची सुपारी त्याची जाते.

चोवीस चॅनेलच्या ॲनालॉगवर आपण काय करत होतो ते आठवून बघा. सोबत एकतीस पट्ट्यांचे दोन इक्वलायझर, एक इको मशीन, जमलं तर एक कॉम्प्रेसर, या सगळ्यांची रॅक. तांब्याची मल्टीकेबल, जी उचलायला दोन पोरं लागायची. एवढं करूनही त्या मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलला आवाज कापायला तीन-चारच नॉब. गायिकेचा माइक साधारण अडीच हजार हर्ट्झला शिट्टी मारायला लागला की आपण ट्रेबल कमी करायचो. ट्रेबलचा नॉब दहा-बारा हजारांच्या बाजूला काम करतो, म्हणून शिट्टी तिथंच राहायची आणि गायिकेचे शब्द मात्र बोथट व्हायचे. मग एकतीस पट्ट्यांमधली एक पट्टी खाली ओढायचो. ती पट्टी सगळ्या आवाजावर लागलेली. एका माइकच्या शिट्टीपायी ढोलकीचा कडकडाट, पेटीचा सूर, निवेदकाचा आवाज, सगळ्यांचं नाक कापलं जायचं.

छोट्यातल्या छोट्या डिजिटलमध्ये प्रत्येक माइकला चार पट्ट्यांचा असा इक्वलायझर असतो की जिथं शिट्टी आहे तिथंच, सुईच्या टोकाएवढा काप घेता येतो. प्रत्येक मॉनिटरच्या, म्हणजे कलाकारांकडं तोंड केलेल्या बॉक्सच्या, वाटेवर आणखी एक इक्वलायझर वेगळा. पडद्यावर उंच उभी राहिलेली रेघ दिसते, शिट्टी कोणत्या सुरावर आहे ते कळतं. पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय असो की उघडं माळरान, गायिकेच्या माइकमधून तेवढंच काढायचं आणि ढोलकीला हात लावायचा नाही. आपोआप शिट्टी दाबणारी सोयही आता काही मिक्सरमध्ये येते. तिच्यावर फार विसंबू नका, पेटीचा लांब धरलेला सूरही ती शिट्टी समजू शकते. हातानं घेतलेला काप बरा.

ढोलकीचं आणखी एक. आपण तिच्या दोन्ही तोंडांना दोन माइक लावतो. दोन्ही माइक एकमेकांसमोर, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याचा खर्ज खाऊन टाकतो आणि ढोलकी पोकळ लागते. त्यावर इलाज म्हणजे एका चॅनेलची पोलॅरिटी उलटायची आणि कोणत्या बाजूनं खर्ज भरतो ते ऐकायचं. तुमच्या चोवीस चॅनेलवर ते बटणच नव्हतं, म्हणून आपण वर्षानुवर्षं बेसचा नॉब पिळत बसलो. पखवाजाचंही तसंच. शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारं एकच ठोकळ बटण दाबलं की कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा गेला. डिजिटलमध्ये तो काप चाळीसवर ठेवता येतो, आणि त्याच वेळी कीर्तनकारांच्या कॉलर माइकवर दीडशेला.

आता स्टेजवरच्या माणसांकडं या. ढोलकीवाला जोरात का वाजवतो? त्याला स्वतःचा आणि गायिकेचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. तो जोरात वाजवतो म्हणून गायिका ओरडून गाते, ती ओरडते म्हणून कीबोर्डवाला आवाज वाढवतो, आणि तासाभरात स्टेजवर नुसता गलका होतो. आपल्या ॲनालॉगला मॉनिटरसाठी दोन ऑक्स, म्हणजे आवाज न्यायच्या दोन वेगळ्या वाटा, होत्या, त्यातली एक इकोला गेलेली. म्हणजे अख्ख्या पार्टीला एकच मॉनिटर, एकच मिक्स. साध्या छोट्या डिजिटलला सहा ऑक्स सहज मिळतात. गायकांना एक, ढोलकीला एक, कीबोर्डला एक, ऑक्टोपॅडला एक, व्हिडिओवाल्याला एक, आणि एक शिल्लक. माझ्याकडं येणाऱ्या एका ढोलकीवाल्याला मी पहिल्यांदा त्याचा स्वतंत्र मॉनिटर दिला तेव्हा तो दुसऱ्याच गाण्याला हलक्या हातानं वाजवायला लागला. गायिकेनं मागं वळून पाहिलं. त्याच्या बोटांतलं बारीक काम तिला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

आणखी एक सवय सांगतो, जी तुम्हीही मान्य कराल. जड मिक्सर आणि तोकडी मल्टीकेबल यांच्यामुळे आपण कायम स्टेजच्या कडेला किंवा बॉक्सच्या मागं बसलो. लोकांना काय ऐकू येतंय ते आपण कधी ऐकलंच नाही. अंदाजानं आवाज लावला. छोट्या डिजिटलची पेटी स्टेजवर ठेवली किंवा स्टेजवर स्टेजबॉक्स ठेवला, की मैदानाच्या मध्यापर्यंत बोटाएवढी नेटवर्क केबल जाते. ती शंभर मीटरपर्यंत चालते. केबल मात्र शिल्डवाली, चांगल्या टोकाची घ्या. घरच्या इंटरनेटची पातळ केबल मैदानात तुडवली गेली की आवाज तुटायला लागतो. मध्यावर बसून ऐकल्यावर पहिल्यांदा मला कळलं की मागच्या रांगेला शब्दच पोचत नाहीत. तिथं दोन जादा बॉक्स लावले, पण त्यांचा आवाज आधी आणि स्टेजचा नंतर पोचायला लागला. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो; तीस मीटरवरच्या बॉक्सला सुमारे 87 मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो. तो उशीर बऱ्याच डिजिटल मिक्सरच्या आउटपुटला देता येतो. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या, कारण काही स्वस्त मिक्सरमध्ये ती सोय नसते.

एका रात्रीत तीन पार्ट्यांचं तर तुम्ही बोलूच नका, मामा. आधी गावचं भजनी मंडळ, मग शाळेची मुलं, मग ऑर्केस्ट्रा. संध्याकाळी ऑर्केस्ट्राची तालीम घेऊन आपण नॉबवर खडूच्या खुणा करायचो, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचो, आणि रात्री अकरा वाजता अंधारात ते फोटो बघत शंभर नॉब परत फिरवायचो. पहिली दोन गाणी त्यातच जायची. आता तालमीनंतर सगळ्या सेटिंगचा सीन सेव्ह करतो, रात्री एका बोटात परत आणतो. पार्टी पुढच्या वर्षी आली की पेन ड्राइव्हवरून तोच सीन लावतो. मग जागेप्रमाणं थोडं इकडंतिकडं.

‘डिजिटलच्या आवाजात जान नाही’ हा तुमचा दुसरा मुद्दा. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण तुमचे कान मला माहीत आहेत. पण ज्या कार्यक्रमावरून तुम्ही हे म्हणता, तिथं काय झालं ते मी पाहिलंय. ऑपरेटरनं मिक्सरमध्ये आधीपासून भरलेली तयार सेटिंग लावली होती. ढोलकीवर गेट लावलेला, म्हणून हलक्या थापा गायब. गायकावर कॉम्प्रेसर इतका दाबलेला की वरचा आणि खालचा सूर एकाच उंचीचा. तो ऑपरेटरच्या हाताचा दोष होता. गेट काढा, कॉम्प्रेसर सैल करा, मग ऐका. माइक तोच, बॉक्स तेच, ढोलकी तीच. जत्रेच्या मैदानात लोकांचा, पाळण्यांचा, जनरेटरचा मिळून जो गोंगाट असतो, त्यात ॲनालॉग आणि डिजिटल प्रीॲम्पमधला फरक कुणाच्या कानाला कळणार?

एका बाबतीत मात्र तुमच्या पिढीची सवय इथं खरंच महागात पडते. ॲनालॉगवर लाल दिवा लागला तरी आवाज जरा जाड व्हायचा, आपण तसाच चालू द्यायचो. डिजिटल लालच्या वर गेला की आवाज फाटतो, तडकतो. गेन लावताना आवाज साधारण उणे अठरा डेसिबलच्या आसपास ठेवायचा आणि वर जागा सोडायची. हे शिकायला एक संध्याकाळ लागते.

‘आवाज उशिरा येतो’ असंही तुम्ही म्हणालात. छोट्या डिजिटलमध्ये आवाज आत जाऊन बाहेर यायला साधारण एक ते दोन मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून चौतीस सेंटिमीटर जातो. म्हणजे मिक्सरचा उशीर हा मॉनिटर हातभर मागं सरकवल्याएवढा. दोन मीटरवरच्या मॉनिटरचा आवाज कानाशी यायलाच सहा मिलिसेकंद लागतात, त्याची तक्रार कुणी केली नाही. उशीर जाणवतो तो बहुतेक वेळा स्वस्तातल्या डिजिटल वायरलेस माइकनं. त्याचे मिलिसेकंद वेगळे लागतात आणि बेरीज वाढते.

आता माझ्या चुकीचं. तीन वर्षांपूर्वी कनेरसरच्या पलीकडं एका गावात मी नुसता टॅब्लेटवर चालणारा मिक्सर घेऊन गेलो होतो. डब्यावर ना फेडर, ना नॉब, ना पडदा. दुपारी तालमीला सगळं सुरळीत. रात्री नऊला मैदान भरलं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, निम्म्यांचा हॉटस्पॉट चालू. मिक्सरच्या पोटातल्या वायफायवर मी विसंबलो होतो. दुसऱ्या लावणीला गायिकेच्या मॉनिटरनं शिट्टी धरली आणि माझ्या टॅब्लेटवर जोडणी तुटल्याची पाटी आली. बसलेल्या बायकांमधून वाट काढत मी चाळीस मीटर पळालो. तोवर गायिकेनं माइक खाली ठेवला होता आणि ढोलकीवाला एकटा वाजवून वेळ मारून नेत होता. ती रात्र मी विसरलेलो नाही. तुम्ही त्या रात्रीची गोष्ट ऐकली असेल, आणि तुमचं मत त्यावरूनच झालं असेल तर त्यात तुमची चूक नाही.

पण त्या रात्रीनं मला डिजिटल सोडायला लावलं नाही. निवड बदलायला लावली. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ज्या मिक्सरच्या अंगावर हात लावायला काहीच नाही, तो मुख्य मिक्सर म्हणून न्यायचा नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. त्यावर हजार मोबाइल आणि कमिटीचे स्वस्त वायरलेस माइकही. तिथं आपला टॅब्लेट किती वेळ टिकणार? टॅब्लेट वापरायचाच तर 5 गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर उंच खांबावर बांधायचा, त्याचं नाव लपवायचं, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, आणि जोडीला केबलनं जोडलेला लॅपटॉप तयार ठेवायचा. शिवाय दिवसाच्या कार्यक्रमाला टॅब्लेट उन्हात वाचता येत नाही. आयपॅड बनवणारी कंपनीच तो 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. वैशाखात काल्याचं कीर्तन दुपारपर्यंत चालतं, आणि शिरूर तालुक्यात तेव्हा हवा चाळिशीला टेकलेली असते. टॅब्लेट तापून स्वतःच बंद होतो.

म्हणून बाजारात काय आहे ते नीट बघायला हवं. डिजिटल मिक्सर ही कालची नवलाई नाही. यामाहाचा प्रोमिक्स 01 हा 1994 चा. बेहरिंगरचा एक्स-32 2012 ला आला आणि किमतीचं गणितच बदललं. त्याचा कॉम्पॅक्ट प्रकार अंगावर 16 माइक आणि 17 मोटरचे फेडर घेऊन येतो, आणि स्टेजबॉक्स जोडून वाढवता येतो. 2023 ला यामाहाचा डीएम-3 आला; 16 माइक, अंगावर फेडर, नऊ इंची पडदा, आणि वजन साडेसहा किलोच्या आसपास. त्याच वर्षी ॲलन अँड हीथची सीक्यू मालिका आली, त्यातल्या सीक्यू-18टी ला फेडर नाहीत, पण सात इंची पडदा आणि काही नॉब अंगावर आहेत. बेहरिंगरचाच एक्सआर-18 किंवा साउंडक्राफ्टचा यूआय-24आर हे नुसते डबे आहेत. त्यांचा आवाज चांगला, यूआय-24आर तर पेन ड्राइव्हवर 22 ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करतो, जे कलाकारांना फार उपयोगी पडतं. पण त्यांना राउटर आणि केबलचा लॅपटॉप यांचा खर्च आधीच धरून किंमत मांडा.

चॅनेलच्या आकड्यानं फसू नका, हे मी केंदूरच्या पोरालाही सांगितलं. खोक्यावर 18, 22, 40 असे आकडे असतात. आपल्याला बघायचंय ते माइकचे खरे सॉकेट किती. एक्स-32 कॉम्पॅक्ट कागदावर 40 चॅनेलचा आहे, पण त्याच्या अंगावर माइक लागतात 16. आपल्या ऑर्केस्ट्राचा हिशोब करा: ढोलकी दोन, तबला दोन, ऑक्टोपॅड दोन, दोन कीबोर्डचे दोन, बेस, गिटार, चार गायक, एक निवेदक. पंधरा झाले. मध्यंतरीची गाणी यूएसबीनं आत येतात, त्यांना सॉकेट लागत नाही. कीर्तनाला तर कीर्तनकार, पखवाज, पेटी, वीणा, गायनाचार्य, टाळकरी मिळून दहा-अकराच्या वर जात नाही. सोळा पुरतात. चोवीस चॅनेल घेऊन आठ रिकामे ठेवायचे आणि टेम्पोत जागा अडवायची, हे आपण लोकांना दाखवण्यासाठी करत आलो. ‘छोटा मिक्सर दिसला की पार्टी पैसे कमी देते’ असं तुम्ही म्हणता. दोन हंगाम मी छोट्यावर काम केलं, माझा दर उतरला नाही. लोक स्टेजकडं बघतात, मामा. 96 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या जाहिरातीनंही हुरळून जाऊ नका. 48 वर चालणारा मिक्सर माणसाला ऐकू येणारं सगळं घेतो. त्या पैशात दोन चांगले माइक घ्या.

विजेचं उत्तर सोपं आहे. छोट्या डिजिटलला फार वीज लागत नाही. कॉम्प्युटरला लावतात तसला लहान यूपीएस मिक्सर आणि राउटरला पुरतो. तो नसेल तर लाइट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला अर्धा-एक मिनिट घेतो. अंधारात ते मिनिट फार लांब असतं. यूपीएस असला की बॉक्स गप्प होतात, मिक्सर जागा राहतो. जनरेटरचा न्यूट्रल सैल सुटून चारशे व्होल्ट आले तर तुमचा ॲनालॉगही जळतो, माझा डिजिटलही. त्यासाठी मीटर लावून आधी व्होल्टेज बघायची सवय लागते, आणि ती तुम्हीच मला लावली.

धुळीचं तर उलट आहे. तुमच्या ॲनालॉगवर शेकडो नॉब आणि फेडर, प्रत्येकाच्या फटीतून धूळ आत. दर हंगामाआधी स्प्रे मारून खरखर काढायला दोन दिवस जात होते. डिजिटलच्या अंगावर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही भोकं नाहीत. सुती कापड टाकून ठेवायचं, प्लॅस्टिक नको, आत उष्णता कोंडते.

बिघाडाच्या मुद्द्यावर तुमचं पारडं जड आहे, आणि मी ते हलकं करणार नाही. ॲनालॉगचा एक चॅनेल गेला तर तेवीस उरतात. डिजिटल गेला तर सगळं गेलं, आणि दुरुस्तीला पुणं गाठावं लागतं. यावर माझे दोन उपाय आहेत. टेम्पोत आठ चॅनेलचा साधा ॲनालॉग मिक्सर कायम ठेवतो; गाणं थांबवण्यापेक्षा आठ माइकवर रात्र काढता येते. दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिक्सर घेताना आपल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात दुसऱ्या साउंडवाल्यांकडं कोणता आहे ते आधी विचारा, आणि जमलं तर तोच घ्या. लोणी, केंदूर, कवठे येमाई, पाबळ अशा चार ठिकाणी एकच मॉडेल असलं, की एकाचा बंद पडला तर दुसऱ्याचा रात्रीत येतो, पेन ड्राइव्ह लावली की तोच सीन, तेच नाव, तेच फेडर. एकाला जे कळलं ते तिघांना फोनवर सांगता येतं. पुस्तकात ही गोष्ट लिहिलेली नसते, पण आपल्यासारख्यांसाठी ती प्रीॲम्पच्या दर्जाइतकीच मोलाची आहे.

कायद्याचाही एक शब्द. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद; सर्वोच्च न्यायालयानं 2005 ला ते कायम ठेवलं. सरकार वर्षातले ठरावीक दिवसच बारापर्यंत सूट देतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज 75 डेसिबलच्या वर जायला नको. मिक्सरच्या शेवटी लिमिटर बांधून ठेवता आला, तर कमिटीतला उत्साही पोरगा ‘अजून वाढवा’ म्हणाला तरी आवाज बांधलेल्या रेषेवरच राहतो. डीजेवाल्यांवर गुन्हे दाखल होतात तेव्हा आपण म्हणतो, आम्ही तसले नाही. ते दाखवून देण्याचं साधन हातात असताना का नाकारायचं?

‘शहरातल्या पोरांचं काम’ हा शब्द मात्र मला सगळ्यात जास्त लागला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 ला याच पाबळला आले आणि विज्ञान आश्रम उभा केला. पाऊस कमी, जमीन कोरडी असं हे गाव त्यांनी मुद्दाम निवडलं. शाळेत न रमलेली मुलं तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेती, यंत्रं हातानं करत शिकली. 2002 ला अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांतली एक पाबळला आली. संगणकावर चालणारी कापायची यंत्रं आपल्या गावच्या पोरांनी वीस वर्षांपूर्वी हाताळली. त्या गावात उभं राहून, एक फेडर आणि एक पडदा आपल्या पोरांना झेपणार नाही असं म्हणणं, हे मला मान्य नाही. तुम्ही स्वतः कुणाच्या शाळेत न जाता ॲम्प्लिफायर बांधायला शिकलात. तुमच्यासमोर बसून केंदूरचा पोरगा दोन आठवड्यांत शिकेल.

मामा, येत्या शनिवारी माझ्याकडं कार्यक्रम नाही. पाबळला या. तुमच्या पसंतीचा ढोलकीवाला आणा, तुमचाच माइक आणा, तुमचा चोवीस चॅनेलवालाही टेम्पोत टाका. दोन्हीवर तीच लावणी वाजवू, तुम्ही मैदानाच्या मध्यावर खुर्ची टाकून बसा, मी कोणता कधी चालू आहे ते सांगणार नाही. केंदूरच्या पोरालाही सोबत आणा. त्यानं जुन्या मिक्सरचा विसार अजून दिलेला नाही.